फ्लूच्या दिवसांत नवी नोकरी: ताप यायच्या आधी काय करून ठेवायचं

जून-जुलैत पुण्यात हजारो मुलंमुली पहिल्या नोकरीला लागतात. लातूर, जळगाव, सोलापूर, नांदेडहून येतात, वाकडला किंवा खराडीला पीजीत तिघांच्या खोलीत एक कॉट घेतात आणि कंपनीच्या बसने कामाला जायला लागतात. पाऊस त्याच वेळी धरतो आणि फ्लूही त्याच वेळी पसरतो. मीही अशीच आले होते.

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात, ऑगस्टात, एका पहाटे मला हुडहुडी भरून ताप आला. प्रोबेशन चालू होतं. रजा किती आहे, कुणाला कळवायचं, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, यातलं काहीच माहीत नव्हतं. रूममेटकडून एक पॅरासिटामॉल घेतली, तासाभरात अंग हलकं झालं आणि मी बस पकडली. दिवसभर एसीत बसून खोकले, जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या डब्यात हात घातला. पुढच्या आठवडाभरात आमच्या नऊ जणांच्या टीममधले पाच जण झोपले. त्यातल्या एकीच्या सासूबाईंना न्यूमोनिया होऊन दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या बऱ्या झाल्या, पण ते आठ दिवस मी विसरलेले नाही. आजार माझ्याकडूनच गेला असं सिद्ध करता येणार नाही, तशी शक्यता मात्र मला नाकारता येत नाही.

आज माझ्या हाताखाली बारा जण काम करतात आणि दर पावसाळ्यात नवा कुणीतरी अगदी तेच करताना दिसतो. ताप आल्यावर डोकं चालत नाही. तेव्हा काय करायचं हे ताप यायच्या आधीच ठरलेलं असावं लागतं. त्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. हंगाम ओळखा आणि लस वेळेवर घ्या

फ्लू म्हणजे थंडीतला आजार, असं आपण ऐकून असतो. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो आणि दुसरा, बहुतेकदा लहान, जानेवारी ते मार्चमध्ये. श्रीनगरसारख्या ठिकाणी मात्र तो थंडीतच येतो. गणपतीतली गर्दी नेमकी आपल्या मोठ्या हंगामात येते.

पुण्याला हे सांगावं लागू नये खरं तर. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातच झाला. त्या महिन्यात शाळा, मॉल, थिएटरं बंद झाली होती आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. त्या स्वाइन फ्लूचा विषाणू, एच१एन१, आता साध्या हंगामी फ्लूमध्ये मिसळला आहे आणि एच३एन२ व बी प्रकारच्या विषाणूंसोबत वर्षानुवर्षं फिरतो आहे. ‘स्वाइन फ्लू’ शब्द ऐकून घाबरून जाऊ नका आणि ‘साधा फ्लू’ ऐकून निर्धास्तही होऊ नका. दोन्हींमध्ये काळजी तीच घ्यायची असते.

लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, एकदा उत्तर आणि एकदा दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कुठले विषाणू असावेत ते सुचवते. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपला हिशोब त्यावरून करायचा: एप्रिल-मे किंवा फार तर जूनमध्ये घेतलेली उत्तम. जुलैत रुजू होताय आणि राहून गेली असेल, तरी लगेच घ्या, हंगाम सप्टेंबरपर्यंत आहे. नव्या हंगामाचीच लस आहे ना, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

खासगी दवाखान्यात दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. पहिल्या पगारातून तो जड वाटतो, मला कल्पना आहे. म्हणून आधी एचआरला विचारा. पुष्कळ कंपन्या पावसाळ्याआधी ऑफिसातच लसीकरण ठेवतात आणि नव्या माणसाला त्याचा मेल पोहोचलेलाच नसतो. गरोदर महिलांसाठी महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतून मोफत लस दिली जाते. साठा आहे की नाही हे चौकशी करून जा.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. पण तो दवाखान्यात भरती होण्यापर्यंत जाण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, गरोदर बायका, पासष्टच्या पुढची माणसं आणि पाच वर्षांखालची मुलं यांना फ्लूचा धोका जास्त. यातलं कुणी तुमच्या घरात असेल तर त्यांच्या बचावासाठीही तुम्ही लस घ्यायची असते.

२. पहिल्याच आठवड्यात रजेची आणि विम्याची माहिती काढा

रुजू झाल्यावर पहिले चार दिवस सह्या आणि ओळखीपाळखीत जातात. त्याच गडबडीत पुढच्या गोष्टी उरकून घ्या. आजारी असताना पोर्टलचा पासवर्ड शोधत बसणं फार अवघड जातं.

रजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, ज्या आस्थापनांना तो पूर्णपणे लागू आहे तिथे, कर्मचाऱ्याला वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे. ती तिमाहीगणिक खात्यात जमा होते. नव्या माणसासाठी याचा अर्थ असा, की जुलैत लागलात तर ऑगस्टात खात्यावर दोनच दिवस दिसू शकतात. फ्लूला कमीत कमी चार-पाच दिवस जातात. म्हणून हे प्रश्न आधीच विचारून ठेवा: आजारपणाची वेगळी रजा आहे का? प्रोबेशनमध्ये ती घेता येते का? रजा कमी पडली तर पुढची रजा आधीच वापरता येते की पगार कापला जातो? कितव्या दिवसापासून मेडिकल सर्टिफिकेट लागतं? ‘असं लगेच रजेचं विचारलं तर काय वाटेल’ हा संकोच मनातून काढा. मी आता पलीकडच्या खुर्चीत बसते. हे आधी विचारणाऱ्या मुलाबद्दल माझं मत चांगलंच होतं.

विमा. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी मिळून काढलेला आरोग्य विमा, असेल तर त्याचं ई-कार्ड डाउनलोड करून फोनमध्ये आणि आईच्या किंवा भावाच्या व्हॉट्सॲपवर ठेवा. तुम्ही तापाने फणफणत असताना दवाखान्याच्या काउंटरवर दुसरंच कुणीतरी उभं असणार. जवळच्या कुठल्या रुग्णालयात कॅशलेस (बिल विमा कंपनी थेट भरते) चालतं ते यादीत बघून दोन नावं लिहून ठेवा. बहुतेक अशा विम्यात भरती झाल्यावरचाच खर्च मिळतो, नुसती तपासणी आणि गोळ्या आपल्याच खिशातून. आईवडिलांची नावं घालायची असतील तर रुजू झाल्यापासून ठरावीक दिवसांतच ती घालता येतात. मुदत गेली की वर्षभर थांबावं लागतं.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी या योजनेत असेल, तर पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. पुष्कळांना ही कपात कशाची तेच माहीत नसतं. दवाखाना आणि औषधांची सोय तुम्हाला लगेच मिळते. आजारपणात ७० टक्के पगार मिळण्याची सोयही आहे, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या एका कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि लाभ त्यानंतर काही महिन्यांनी सुरू होतो. म्हणजे दुसऱ्या महिन्यात आजारी पडलात तर औषध मिळेल, पैसे मिळणार नाहीत. आणखी एक: या पैशांसाठी सहसा ईएसआयच्याच दवाखान्याचं किंवा त्यांच्या नेमलेल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. गल्लीतल्या डॉक्टरांचं आणलंत तर खेटे पडतात.

एका फोल्डरमध्ये एवढं जमवून ठेवा:

- आधार कार्ड, कंपनीचं ओळखपत्र
- मेडिक्लेमचं ई-कार्ड किंवा ईएसआयचं ई-पहचान कार्ड
- जुने आजार, चालू औषधं आणि कशाची ॲलर्जी आहे ते लिहिलेला एक कागद
- मॅनेजर, एचआर, पीजीचे मालक आणि घरचा एक असे चार नंबर

३. डॉक्टर आणि पाउच

तापात ‘जवळचा डॉक्टर’ असं शोधू नका. आजच पीजीच्या काकूंना किंवा मेसवाल्यांना विचारा, ते कुणाकडे जातात. संध्याकाळी जाऊन दवाखान्याची वेळ आणि रविवारचं काय ते बघून या. खोकला-सर्दी झाली की एकदा दाखवून घ्या म्हणजे ओळख होते.

पाउचमध्ये डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉलची पट्टी, ओआरएसची चार पाकिटं, पाच-सहा मास्क आणि जमलं तर पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र). थर्मामीटर नक्की घ्या. ‘अंग गरम लागतंय’ आणि ‘१०२ आहे’ यात डॉक्टरसाठीही फरक आहे आणि मॅनेजरसाठीही. काखेत लावलात तर आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी येतो. तोंडात लावणार असाल तर चहा पिऊन पंधरा मिनिटं जाऊ द्या.

४. ऑफिसातली हवा आणि हात

फ्लू मुख्यतः हवेतून येतो. जवळ बसलेला माणूस बोलतो, खोकतो, शिंकतो, त्यातून. कोंदट खोलीत तो जास्त पसरतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो, हे फार जणांना माहीत नसतं. दहा जण दोन तास बंद मीटिंग रूममध्ये बसले तर ते एकमेकांचीच हवा घेत असतात. मीटिंग संपली की दार सताड उघडं ठेवा. खिडकी असेल तर बोटभर उघडी ठेवायला सांगा. मोठ्या इमारतीत सेंट्रल एसीला बाहेरची हवा घेण्याची सोय असते. ती चालू आहे का, असं फॅसिलिटीच्या लोकांना मेलवर विचारायला हरकत नाही. आमच्या मजल्यावर मी विचारलं तेव्हा ती पावसाळ्यात दमट हवा नको म्हणून बंद ठेवलेली निघाली.

बसमध्ये पावसामुळे काचा बंद असतात आणि तास-दीड तास माणसं दाटीवाटीने बसलेली. ऑफिसातल्या कुठल्याही जागेपेक्षा मला तीच जागा जास्त धोक्याची वाटते. पाऊस थांबला की काच उघडा, आणि जुलै ते सप्टेंबर बसमध्ये मास्क लावा. नाकाखाली ओढलेला मास्क न लावल्यासारखाच.

हातांचं थोडक्यात: थंब मशिन, लिफ्टचं बटण, पाण्याच्या मशिनचा नळ, मायक्रोवेव्हचं हँडल. विषाणू अशा गुळगुळीत पृष्ठभागावर एक-दोन दिवससुद्धा राहू शकतो. जेवायच्या आधी साबणाने वीस सेकंद हात धुवा, नाहीतर किमान साठ टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर वापरा. कॉल सेंटरमध्ये हेडसेट शिफ्टमागून शिफ्ट फिरतो आणि त्याचा माइक अगदी ओठांजवळ येतो. तो पुसल्याशिवाय लावू नका. स्वतःचा मिळत असेल तर मागून घ्या.

डब्याबद्दल लिहिताना मला जड जातं, कारण परगावी एकमेकांच्या डब्यातला घास हाच घरचा आधार असतो. वाटून खा, फक्त जेवायला सुरुवात करण्याआधी स्वच्छ चमच्याने वाढून घ्या. टीममध्ये कुणी खोकत असेल तर तेवढे दिवस डबा आपापला.

५. ताप आला तो पहिला दिवस

सगळ्यात जास्त चुका याच दिवशी होतात.

फ्लू बहुधा अचानक येतो. सर्दी हळूहळू वाढते, फ्लूमध्ये दुपारी बरं असलेलं माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळतं. ताप, घसा खवखवणं, कोरडा खोकला, डोकं आणि अंग ठणकणं, सपाटून गळाठा. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, आणि लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच तो दुसऱ्याला लागू शकतो. पहिले तीन-चार दिवस तर माणूस सगळ्यात जास्त पसरवतो. म्हणजे ज्या दिवशी आपण ‘आजचा दिवस काढू, उद्या बघू’ म्हणतो, तोच दिवस दुसऱ्यासाठी सगळ्यात वाईट.

पॅरासिटामॉलने ताप उतरतो, आजार जात नाही आणि पसरायचाही थांबत नाही. गोळी घेऊन बसमध्ये चढणं ही माझी चूक होती. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल आणि सोबत खोकला किंवा घसा असेल, तर कामावर जायचं नाही. हे आजच ठरवून टाका, म्हणजे त्या पहाटे स्वतःशी वाद घालावा लागणार नाही.

मॅनेजरला शिफ्टच्या किमान तासभर आधी कळवा. आधी मेसेज, तो पाहिला नाही असं दिसलं तर फोन. मेसेजमध्ये आकडा, निर्णय आणि कामाची सोय एवढंच लिहा. असं:

‘मॅडम, रात्रीपासून १०२ ताप आणि खोकला आहे. आज रजेवर राहते आहे. साडेदहाला डॉक्टरांकडे जाऊन बारापर्यंत कळवते. कालचा रिपोर्ट शेअर फोल्डरमध्ये आहे, दोन एंट्री बाकी आहेत, त्या पिवळ्या केल्या आहेत.’

‘बरं वाटत नाहीये, येऊ का?’ असं विचारू नका. समोरच्याला तुमचा ताप दिसत नाही, तो ‘बघा जमत असेल तर’ म्हणणार आणि तुम्ही निघणार. मेसेजनंतर त्याच दिवशी पोर्टलवरही रजा टाका. नुसत्या व्हॉट्सॲपवर राहिलात तर महिनाअखेरीला ती बिनपगारी दिसते आणि मग हेलपाटे घालावे लागतात.

‘घरून करते’ हेही पहिल्या दोन दिवसांत म्हणू नका. नव्या मुलांना वाटतं त्याने चांगलं मत होईल. १०२ तापात भरलेल्या एंट्री नंतर मला दुसऱ्याकडून तपासून घ्याव्या लागल्या आहेत, आणि तो मुलगा विश्रांती न घेतल्याने आठवडाभर अशक्त राहिला तो वेगळाच.

६. डॉक्टरांकडे काय सांगायचं, काय विचारायचं

पहिल्याच दिवशी जाण्याची दोन कारणं. फ्लूचं खास औषध ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. ते प्रत्येकाला लागत नाही. सौम्य आजारात डॉक्टर घरी विश्रांती सांगतात, जास्त ताप किंवा जोखमीचा माणूस असेल तर देतात. तपासणीही सगळ्यांना लागत नाही, सरकारी मार्गदर्शनानुसार ती गंभीर रुग्णांसाठी आहे. म्हणून ‘टेस्ट का नाही सांगितली’ म्हणून डॉक्टर बदलू नका. पण तुम्ही गरोदर असाल, दमा-मधुमेह असेल, किंवा घरी म्हातारं माणूस, तान्हं मूल असेल तर ते आपणहून सांगा. ते विचारतीलच असं धरू नका.

दुसरं कारण डेंगी. पावसाळ्यात ताप म्हणजे फ्लूच असं नसतं. डेंगीत सहसा खोकला-सर्दी ठळक नसते, डोळ्यांच्या मागे दुखतं, अंगावर पुरळ येऊ शकतं. पण अंगदुखी दोन्हींत असते आणि आपल्याला फरक ओळखता येईल असं नाही. म्हणून डेंगी नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन किंवा कुणी दिलेली ‘अंगदुखीची स्ट्राँग गोळी’ घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. ताप कधी सुरू झाला ती तारीख आणि वेळ लिहून न्या, रक्ताची कुठली तपासणी करायची ते त्यावर ठरतं.

सापळे सांगते. मेडिकलवाल्याकडून परस्पर ‘तीन दिवसांचा कोर्स’ घेऊ नका. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, फ्लूच्या विषाणूवर नाही. सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांमध्ये बहुतेकदा पॅरासिटामॉल आधीच असतं. वरून वेगळी पॅरासिटामॉल घेतली तर डोस दुप्पट होतो आणि त्याचा मार यकृतावर. पाकिटावरची नावं वाचा, दोन गोळ्यांमध्ये किती तासांचं अंतर आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि ‘एक सलाईन लावून टाका, तरतरी येईल’ असा आग्रह धरू नका. तोंडाने पाणी जात असेल तर पेज, वरण, ओआरएस पुरतं.

निघताना सर्टिफिकेटचं बोला. त्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तपासल्याची तारीख, आजाराचं नाव, कधीपासून कधीपर्यंत विश्रांती, सही आणि शिक्का एवढं हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटल्यावर गेलात तर डॉक्टर मागची तारीख घालणार नाहीत आणि घालूही नये. औषधाची चिठ्ठी आणि बिलांचा फोटो त्याच दिवशी फोल्डरमध्ये टाका.

७. ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही

धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, ओठ किंवा नखं निळसर, गुंगी किंवा बरळणं, लघवी अगदी कमी होणं. पल्स ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली. बोट गार असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. हात चोळून ऊब आणा, पॉलिश काढा आणि अर्धा मिनिट थांबून बघा.

आणि एक लक्षण जे हमखास दुर्लक्षित होतं: ताप गेला, दोन दिवस बरं वाटलं, आणि पुन्हा ताप चढला, खोकला वाढला. हा न्यूमोनिया असू शकतो. माझ्या सहकारिणीच्या सासूबाईंचं असंच झालं होतं.

यातलं काहीही असेल तर सरळ रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८, सल्ल्यासाठी १०४, दोन्ही मोफत. रात्री दोन वाजता रूममेटला उठवायला संकोच करू नका.

८. तिघांच्या खोलीत आजारपण काढताना

वेगळी खोली मिळणार नाही हे धरूनच चाला. खिडकीजवळची कॉट मागून घ्या, खिडकी उघडी ठेवा, तुम्ही मास्क लावा. जमलं तर शेजारच्या कॉटच्या उलट बाजूला डोकं करून झोपा, म्हणजे तुमचं तोंड दुसरीच्या पायांकडे येईल. पाण्याची बाटली, ताट, टॉवेल वेगळे. मेसवाल्या मावशींना एक फोन केला तर त्या मऊ भात आणि मुगाची खिचडी पाठवतात. माझ्या वेळी मावशींनी पैसे तर घेतले नाहीतच, वर लिंबाचं लोणचं वेगळ्या पुडीत बांधून दिलं होतं. हळदीचं दूध, आल्याचा काढा खुशाल घ्या, घशाला बरं वाटतं. फक्त ते डॉक्टरांच्या औषधाच्या जागी नको. वाफ घ्यायचीच तर उकळतं भांडं कॉटवर ठेवून घेऊ नका, एका खोलीत तिघी वावरताना भाजायला वेळ लागत नाही.

गावी निघून जायचा मोह होतो. आईच्या हातचं हवंसं वाटतं, ते खरंच आहे. पण एसटीत सात तास बसून तोच आजार आजी-आजोबांपर्यंत नेऊ नका. ताप उतरू द्या, मग जा.

९. परत कामावर

गोळी न घेता २४ तास ताप नसेल तर जाता येतं. ‘गोळी न घेता’ हे महत्त्वाचं. बहुतेकांना चार-पाच दिवस लागतात. खोकला आणि थकवा दोन आठवडेही रेंगाळतो, त्यासाठी घरी बसायची गरज नाही, पण पुढचे पाच दिवस ऑफिसात आणि बसमध्ये मास्क ठेवा. फिटनेस सर्टिफिकेट लागतं का ते आदल्या दिवशी विचारा, नाहीतर गेटवरून परत फिरावं लागतं.

पहिल्या दिवशी जिना चढताना दम लागेल, दुपारी डोळे मिटतील. मॅनेजरला तसं सांगा आणि आठवडाभर ओव्हरटाइम घेऊ नका. आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या शेजारी कोण बसलं होतं, डबा कुणाबरोबर खाल्ला होता, त्यांना घरूनच पहिल्या दिवशी मेसेज केला नसेल तर आता तरी सांगा. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी गरोदर बायको किंवा दम्याचे वडील असतील, हे आपल्याला माहीत नसतं.

आणि घरी आल्यावर पाउच पुन्हा भरून ठेवा. ओआरएस संपलेलं असतं, मास्क एकच उरलेला असतो, आणि तुमच्या कॉटशेजारी झोपणारीला अजून ताप यायचा असेल.